पेढे आणायला जाणारा माणूस

दुपारच्या चहाला आसाराम म्हणाला, “उद्या पेढ्यांना दुसरं कुनी जाईल. तुमी पूजेला बसायचं,” आणि कल्याणच्या हातातला कागदी कप इतका दबला की चहा मनगटावरून थेट शर्टाच्या बाहीत गेला. चांगलाच चटका बसला. बसला ते बरंच झालं, कारण सगळ्यांचं लक्ष बाहीकडे गेलं, तोंडाकडे गेलं नाही. “दमानं, साहेब, दमानं,” म्हणत आसारामनं गळ्यातल्या टॉवेलानं त्याचा हात पुसला, आणि पुसता पुसता बाकीच्यांना कामं वाटून टाकली: हार कोण आणणार, कापूर कोण, आंब्याची पानं कोण. उद्या खंडेनवमी. उद्या नागापूरच्या एमआयडीसीतल्या शेडाशेडांतून मशीनं धुऊन, पुसून, हार घालून बंद ठेवली जाणार, आणि हत्यारांची पूजा होणार. ट्रॅक्टरचे गिअर आणि शाफ्ट बनवणाऱ्या त्यांच्या शेडमध्ये या पूजेचा एक नेम होता. पूजेला मालक बसत नसे, फोरमन बसे. मालक माधवसाहेब, त्यांच्या वडिलांनी हे घालून दिलेलं. ज्याच्या सांगण्यावरून मशीन चालू होतं आणि बंद होतं त्यानंच त्याला हळदकुंकू लावावं, असं त्या म्हाताऱ्याचं म्हणणं. इतकी वर्षं आबासाहेब बसायचे. उन्हाळ्यात आबासाहेब निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेऊन गावी गेले, आणि फोरमनची खुर्ची कल्याणला मिळाली. खुर्ची मिळाली तेव्हा त्यानं घरी जिलेबी नेली, देवाचे आभार मानले, बायकोला हॉटेलात जेवायला नेलं, सगळं रीतसर केलं. खुर्चीबरोबर पूजेचा पाटही आपल्याच वाट्याला येतो, एवढं फक्त त्याच्या डोक्यात आलं नाही. मोठा हुशार माणूस.

कल्याण शमुवेल आढाव ख्रिस्ती होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यानं ते लपवलं असं कुणाला म्हणता आलं नसतं. कुणी विचारलंच नव्हतं. नाव कल्याण, आडनाव आढाव, कपाळ मोकळं, पण हल्ली कपाळं बऱ्याच जणांची मोकळी असतात. नोकरीला लागताना नाव लिहून घेणाऱ्यानं ‘कल्याण एस. आढाव’ असं लिहिलं, आणि त्या ‘एस’च्या आडोशाला बाप शांतपणे उभा राहिला. “राहुरीकडचे आढाव का?” कुणीतरी विचारलं होतं, आणि कल्याणनं मान अशी हलवली होती की तिचा अर्थ ज्याला जो हवा तो घेता यावा. बस्स, तेवढंच. त्यानंतर एका खंडेनवमीला, ऐन पूजेच्या वेळी, पेढे यायचे राहिले असं लक्षात आलं आणि कल्याण म्हणाला, मी आणतो. पहिल्या वर्षी हे खरोखरच सहज घडलं. दुसऱ्या वर्षी लोकच म्हणाले, पेढ्यांना कल्याणला पाठवा, तो चांगले आणतो. पुढे पुढे तो त्यात इतका मुरला की नगरच्या कुठल्या दुकानात खवा भाजलेला असतो आणि कुठे नुसताच वळलेला, हे त्याला वासावरून सांगता येई. परत येताना तो मोटारसायकल गेटबाहेर लावून आत आरतीच्या टाळ्या थांबायची वाट बघे. थांबल्या की खोके घेऊन आत शिरे आणि सगळे “आले, आले” म्हणून ओरडत. या पूजेसाठी त्याच्याइतकं पेट्रोल शेडमध्ये कुणी जाळलेलं नव्हतं.

चहानंतर मशीनं धुवायला घेतली. हे काम कल्याणला मनापासून आवडे. फोरमन झाला तरी आपल्या जुन्या लेथचं पुसणं त्यानं दुसऱ्याला दिलं नव्हतं. रॉकेलचा बोळा फिरवला की वर्षभराचं काळं, चिकट सुटून यायचं आणि खालचा हिरवा रंग दिसायचा, आणि रॉकेलच्या त्या थंडगार वासात त्याचं डोकं नेहमी स्वच्छ चाले. आज मात्र ते वकिलासारखं चालायला लागलं. नारळ फोडणं म्हणजे काय, नारळ तर आपण घरी चटणीला फोडतोच. तो कुणासमोर फोडतो यावर काय आहे ते आहे. पण मनात नसेल तर? मन तर आपलंच आहे, त्याला आपण सांगू की बाबा, तू जरा बाहेर थांब. आणि मन बाहेर थांबलं की पाटावर कोण बसणार? कल्याण एस. आढाव बसणार. हात जोडणार, कुंकू लावणार, लोक म्हणणार छान झाली पूजा. ज्यांची पूजा मनापासून आहे त्यांच्यामध्ये बसून आपण नुसतं नाटक करणार, म्हणजे आपल्या देवाशी तर खोटं, पण त्यांच्याही देवाशी खोटंच की. बोळा फिरवता फिरवता हा विचार त्याला एकदम टोचला. आजवर त्याला वाटत होतं की प्रश्न फक्त त्याचा आणि वरच्याचा आहे. आसारामची श्रद्धा आपण वापरून घेणार आहोत हे त्याच्या हिशेबात नव्हतं, आणि ते कळल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

“साहेब, तुमच्या पहिल्या पूजेचा व्हिडिओ करनार हाय मी,” सीएनसी मशीनवरचा करण म्हणाला. “ग्रुपवर टाकू.” करण श्रीगोंद्याकडचा, हात सोन्याचा, त्यानं काढलेला शाफ्ट मापाला लावायलाच नको. पण त्या ग्रुपवर तो जे काय टाकी, ते दिसलं की कल्याण मोबाईल पालथा ठेवी. धर्म बाटवणाऱ्यांपासून सावध राहा, तांदळाच्या पोत्यासाठी देव बदलणारे ओळखा, असलं काहीतरी पुढे ढकललेलं, करणनं बहुधा पूर्ण वाचलंही नसेल असं. कल्याणच्या पणजोबाला तांदळाचं पोतं मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्याला मिळालं ते एवढंच, की ख्रिस्ती झाला म्हणून सख्ख्या भावानं विहिरीवरचा त्याचा दोर कापला. पण हे ग्रुपवर कोण लिहिणार? गेल्या वेळी त्या मेसेजखाली कल्याणनं गुलाबाचं फूल टाकलं होतं. का टाकलं, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. “कर की व्हिडिओ,” तो आता म्हणाला, आणि लेथच्या ज्या कोपऱ्यात काहीच घाण नव्हती तिथे जोर लावून घासत राहिला.

घरी निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग लागले होते, टेम्पोतून फुलं उतरत होती, आणि तो दमट कडवट वास हेल्मेटच्या आत येऊन बसला. त्या वासानं त्याला काष्टीचा बाजार आठवला. का, ते कळेना; काष्टीच्या बाजारात वास शेणाचा आणि भेळीचा. पण गर्दी तीच, आणि गर्दीत चालणारे अण्णा. शमुवेल आढाव, काष्टीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बाजारच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मधून चालत आणि जो भेटेल त्याला, पाटील असो, खाटीक असो, बांगडीवाली असो, हात वर करून मोठ्यानं म्हणत, “जय ख्रिस्त!” लोक “राम राम अण्णा” म्हणत, अण्णा पुन्हा “जय ख्रिस्त” म्हणत, आणि मागून पिशवी घेऊन चालणारा कल्याण पिशवीतच शिरायला बघे. बैलाला सुई द्यायच्या आधी अण्णा त्याच्या वशिंडावर हात ठेवून प्रार्थना करीत. चांगली लांब. बैल शेपटी हलवी, मालक चुळबुळ करी. “अण्णा, आदी सुई द्या, मग देवाशी बोला,” कुणी म्हणालं, तर अण्णा डोळे न उघडता सांगत, “आधी त्याला कळवतो, मग सुई. माझ्या हातानं चूक झाली तर तो बघून घेईल.” सगळा बाजार हसे. पण अण्णा रजेवर असताना बदलीवरच्या माणसानं नुसतीच सुई दिली, तर छबूबाई नावाची एक म्हातारी आपली म्हैस घेऊन दवाखान्याच्या दारात बसून राहिली होती. “ते आमीन ऱ्हायलं की,” ती म्हणत होती, “अर्धंच औशीद झालं. आमी न्हाई जानार.” हे आठवून कल्याण हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसला आणि शेजारचा रिक्षावाला दचकला. मग हसू ओसरलं. अण्णांना कधी कुणी मारलं नाही, हाकललं नाही. मयतीला अख्खी काष्टी लोटली होती. मग आपण एवढे का भितो? अण्णांचा काळ निराळा होता, असं तो स्वतःला नेहमी सांगे. सिग्नलला थांबल्यावर त्यानं ते पुन्हा सांगून पाहिलं. आज ते नीट पटेना.

बायकोला, लीनाला, त्यानं बूट काढता काढताच सगळं सांगितलं. लीना खाजगी दवाखान्यात नर्स, तिथल्या वॉर्डात ती दिवसातून दहा वेळा “प्रभू बघून घेईल, तुम्ही गोळी घ्या” असं म्हणायची, आणि पेशंट हिंदू आहे का मुसलमान हे तिला विचारायचं सुचतच नसे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला हसू आलं. साधंसुधं नव्हे, तिला खुर्चीत बसावं लागलं.

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“काही नाही. पेढे!” ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. मग डोळे पुसून म्हणाली, “मग सांगा की त्यांना उद्या.”

“कसं सांगू?”

“तोंडानं.”

“लीना, चौदा माणसं आहेत हाताखाली. उद्या त्यांच्या मनात आलं की हा आपला नाही, तर माझं ऐकतील? दिवस कसले आहेत बघतेस ना? त्यात तो करण. आणि आसाराम...” आसारामच्या नावाशी तो अडखळला. आसाराम पाथर्डीकडचा. त्याचे आईबाप दर वर्षी बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जात. त्यांच्यातला हा पहिला एका जागी राहणारा. कल्याण आणि तो रोज एका डब्यात जेवत. म्हणजे डबे दोन, पण कुणाचा कुठला हे कधी ठरलेलं नव्हतं.

“आसारामभाऊंनासुद्धा माहीत नाही?” आता लीना हसत नव्हती. “अहो, आणि नाताळचा फराळ? दर वर्षी मी तुम्हाला करंज्या, शंकरपाळे बांधून देते ना त्यांच्यासाठी?”

कल्याण मोजा बघत राहिला. “मी म्हणतो, दिवाळीचा उरलाय.”

“डिसेंबरात?”

“ते म्हणतात, वहिनींचा फराळ लई टिकतो.”

लीना खुर्चीतून उठली. हे तिच्या हसण्यापेक्षा वाईट होतं. स्वयंपाकघरात जाऊन ती कणीक तिंबायला लागली, आणि परातीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. चर्चच्या पाळकसाहेबांना फोन करावा असं कल्याणच्या मनात आलं; मग वाटलं, ते काय म्हणतील हे आपल्याला माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच आपण फोन करत नाही. जेवणं झाली. नेहमीप्रमाणे लीनानं घरची प्रार्थना केली, सगळ्यांसाठी मागितलं आणि शेवटी म्हणाली, “आणि यांच्या तोंडाला उद्या वाचा दे.” “आमेन,” कल्याण म्हणाला. म्हणावंच लागलं.

सकाळी शेड ओळखू येत नव्हती. फरशी धुतलेली, दाराला आंब्याचं तोरण, सीएनसीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, ड्रिलच्या मानेत हार, कम्प्रेसरच्या टाकीला हार, लाल कापडावर नट आवळायचे पाने आणि मापाचे व्हर्निअर ओळीनं मांडलेले. सगळे धुतलेल्या कपड्यांत, केस चापूनचोपून, एरवी ग्रीसनं माखलेली माणसं लग्नाला आल्यासारखी अवघडून उभी. कल्याणला ती फार आवडली. हे त्याला अनपेक्षित होतं. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना या वेळी कधी बघितलंच नव्हतं, तो या वेळी दुकानाच्या रांगेत असायचा. आल्या आल्या सांगून टाकायचं, असं तो ठरवून आला होता. पण आल्या आल्या माधवसाहेबांनी हात मिळवला, मग कुणी बत्तासे दाखवायला आणले, मग तोरण एका बाजूनं सुटलं ते कल्याणनंच खिळा ठोकून बसवलं. प्रत्येक वेळी त्याला वाटे, हे एवढं झालं की सांगू. कालच्या चटक्यावर बाही घासत होती. मग आसारामनं पाट आणला, लेथसमोर ठेवला, त्यावर आपला धुतलेला नवा टॉवेल घडी करून घातला आणि म्हणाला, “बसा, साहेब.”

कल्याण बसला नाही. करणनं मोबाईल वर धरला होता. “मी बसणार नाही,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की फरशी सुकवायला हवा लागली म्हणून तेवढ्या चालू ठेवलेल्या कम्प्रेसरच्या घरघरीत तो त्याला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही.

“का? गुडघा धरलाय का?” आसाराम म्हणाला. “खुर्ची देऊ का? खुर्चीवर बसून बी चालतं.”

“गुडघा नाही.”

आसारामनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग जवळ आला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, “सुतक हाय का? काल बोलला न्हाईत. असलं तर सांगा, कुनी काई म्हनत न्हाई.” त्याच्या डोळ्यांत खरी काळजी होती. कल्याणला वाटलं, बघ, दार उघडून दिलंय. नुसती मान हलवायची. राहुरीकडचे आढाव का, असं विचारल्यावर हलवली होती तशीच. कुठल्यातरी चुलत्याला आज मरायला लावायचं, आसाराम हळहळणार, डबा आणून देणार, दहा दिवस त्याच्याशी हळू आवाजात बोलणार. पुढच्या वर्षी गुडघा. त्याच्या पुढच्या वर्षी बघू. मान हलायला लागलीसुद्धा होती. पण आसारामनं हळहळून त्याच्या दंडाला हात लावला, आणि त्या हाताला आपण मेलेला चुलता देणार आहोत हे कल्याणला सोसेना.

“सुतक नाही,” तो म्हणाला, आणि या वेळी कम्प्रेसरवर मात करायची म्हणून पोटातून आवाज काढला. नेमकी त्याच क्षणी टाकी हवेनं भरली आणि कम्प्रेसर आपोआप बंद झाला. “मी ख्रिस्ती आहे!” हे वाक्य मग सगळ्या शेडमध्ये, आणि बहुतेक शेजारच्या दोन शेडमध्येही, स्वच्छ ऐकू गेलं.

“अच्छा?” माधवसाहेब म्हणाले. “हो सर.” “पहिल्यापासून?” “पणजोबापासून.” कल्याण बोलत सुटला, आता थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही अशी त्याला भीती होती. “म्हणून मी पूजेला बसत नाही. तुमच्या पूजेबद्दल मनात काही वाईट नाही. उलट मान आहे म्हणून... म्हणजे मनात नसताना बसलो तर तुमचीच फसवणूक होईल. हे आधी सांगायला पाहिजे होतं. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर माझी तक्रार नाही.” एवढं सगळं त्यानं करणच्या मोबाईलकडे बघून सांगितलं, कारण माणसांकडे बघवत नव्हतं. करणनं मोबाईल खाली घेतला. तेव्हा मग आसारामकडे बघावंच लागलं.

आसाराम विचारात पडला होता. “नाताळ डिसेंबरात असतो ना?” त्यानं विचारलं.

“हो.”

“म्हंजे तो फराळ...”

“ताजा असायचा.”

“आरं देवा,” आसाराम म्हणाला. “अन् मी घरी पुष्पावतीला दर वर्सी बोलतो, वहिनींचा फराळ महिना महिना टिकतो, तुझाच का मऊ पडतो म्हून! रडली हुती ती एकदा.” शेडमध्ये हशा फुटला. माधवसाहेबसुद्धा चष्मा काढून हसले. हसला नाही तो एकटा आसाराम. “इतकी वर्सं एका डब्यात हात घालतो आपन,” तो म्हणाला. “मला तरी सांगायचं हुतं.”

“भ्यालो,” कल्याण म्हणाला.

“कुनाला? मला?”

कल्याणला कुणी शिवी दिली असती, पाट उचलून नेला असता, तर त्याची त्यानं रात्रभर तयारी केलेली होती. ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटली तो माणूस असा समोर उभा राहून विचारील, आणि भीती वाटली म्हणूनच दुखावलेला असेल, याची तयारी नव्हती. त्याचे डोळे भरून आले. “चुकलंच,” तो म्हणाला. आसारामनं नाक ओढलं आणि स्वतःच पाटावर बसला. “द्या तो तांब्या इकडं.”

पूजा झाली. कल्याण बाहेर गेला नाही. लेथच्या बाजूला उभा राहिला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, शेवटी पाठीमागे बांधले. आसारामनं मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ एका दणक्यात फोडला, आरती झाली, टाळ्या झाल्या, आणि गेटबाहेरून इतकी वर्षं ऐकलेल्या त्या टाळ्या आतून किती मोठ्या असतात हे कल्याणला पहिल्यांदा कळलं. त्याला फार हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. आता पांगायचं, प्रसाद खायचा, असं म्हणून लोक हलणार तेवढ्यात आसाराम उठला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “आता तुमचं करा.”

“माझं काय?”

“तुमच्यात असंल ना काईतरी. फोरमन तुमी. मशीन तुमच्या शब्दावर चालतं, तर तुमच्या देवाला बी कळाया पायजे. करा. काय लागतं? पानी? मेनबत्ती?”

“काही लागत नाही. डोळे मिटायचे फक्त.”

“सगळ्यांनी?” करणनं विचारलं.

“ज्याला वाटेल त्यानं.”

आसारामनं टोपी काढली आणि डोळे मिटले. मग एकेकानं मिटले. कल्याणनं लेथच्या गार पत्र्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि तोंड उघडलं. आता अडचण अशी की कल्याण आयुष्यात मोठ्यानं प्रार्थना करी ती एकच. चर्चमध्ये पाळकसाहेब करत, घरात लीना करी. त्याच्या वाट्याला होतं ते जेवणाच्या ताटावरचं, लहानपणी पाठ झालेलं. तोंड आपल्या सवयीनं त्या रुळावर गेलं. “हे प्रेमळ पित्या,” तो मोठ्यानं म्हणाला, “या अन्नासाठी आम्ही तुझे आभार मानतो.” आणि थांबला. हाताखाली लेथ होतं. कानांच्या पाळ्या तापल्या. आता हसतील, त्याला वाटलं, आता हसतील आणि वर्षभर हसत राहतील. पण कुणी हसलं नाही. “व्हय, व्हय,” आसाराम हळूच म्हणाला, बरोबरच आहे अशा आवाजात. आणि कल्याणला कळलं की यात काही चुकलंय हे त्याच्याशिवाय इथे कुणालाच वाटत नाहीये. पुढचं वाक्य आपोआप आलं. “आणि ज्या हातांनी हे तयार केलं, त्या हातांना आशीर्वाद दे.” त्यानं डोळे उघडले. समोर ते हात होते, कसेही घासले तरी नखांत काळं राहिलेले, कुणी जोडलेले, कुणी नुसतेच पोटावर धरलेले. एकाचं बोट अर्धं. पाठ केलेलं इथे संपत होतं. त्याला थांबावंसं वाटेना.

तो एकेकाचं नाव घ्यायला लागला. ग्राइंडिंगवरच्या कांबळेकाकांचा मोतीबिंदू. पॅकिंगच्या दिपालीताई, त्यांच्या मुलीची दहावी. आसाराम, त्याची आई, तिचे गुडघे, आणि पुष्पावती, जिच्या फराळाला आजपासून कुणी नाव ठेवू नये. कुणाचं काय दुखतं ते सगळं त्याला माहीत होतं, रोज चहाला तेच तर बोलणं. माधवसाहेबांचं बँकेचं कर्ज, ड्रिलवरच्या काकासाहेबांची दारू, जी सुटली आहे ती सुटलेली राहू दे. आवाज शेडच्या पत्र्याला लागत होता, शेजारच्या शेडमधून कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि कल्याणला त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट मजा येत होती. त्यानं एक नाव मात्र मागे ठेवलं होतं. ते जिभेवर येई आणि तो दुसरंच घेई. शेवटी नावं संपली.

“झालं का?” डोळे मिटूनच करणनं विचारलं. “उघडायचे का?”

“नाही,” कल्याण म्हणाला. “तू राहिलास.”

करणनं एक डोळा उघडला. कल्याण त्याच्याकडेच बघत होता. करण लालेलाल झाला, मोबाईल खिशात घातला, आणि खाली फरशीकडे बघत म्हणाला, “मग माझ्या बायकोचं, धनश्रीचं बी नाव घ्या त्यात. नववा चालू हाय. काल डॉक्टर म्हनले, बाळ आडवं हाय.” आणि त्यानं दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

कल्याण लेथपासून निघाला, चार माणसं ओलांडून त्याच्यापाशी गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मघापेक्षाही मोठ्यानं सुरुवात केली.